प्रतिस्पर्धी क्लबचा नवा मॅनेजर अडखळतोय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात आणि नवी मुंबईत एकाच कट्ट्यावर युनायटेड, लिव्हरपूल, आर्सेनल, चेल्सी अशा सगळ्यांचे चाहते बसतात. त्यामुळे कुणाचा तरी मॅनेजर कायम अडचणीत असतो आणि बाकीचे त्याच्यावर तुटून पडलेले असतात. हे पान त्या वादासाठी आहे. जास्तीत जास्त उदाहरणं मँचेस्टर युनायटेडच्या रुबेन अमोरिमची आहेत, कारण नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२६ या चौदा महिन्यांत नव्या मॅनेजरचं जे जे बिघडू शकतं ते जवळपास सगळं तिथे बघायला मिळालं. आमचं म्हणणं एवढंच: किती हरला हे सगळेच मोजतात, तुम्ही कसा हरला ते बघा आणि तसाच पुन्हा हरला का ते बघा.

किती सामने झाल्यावर मत बनवावं?

पाच सामन्यांत काहीच कळत नाही. त्यातले तीन मोठ्या संघांविरुद्ध असले तर आकडे वाईटच दिसणार, आणि तीन तळातल्या संघांविरुद्ध असले तर उगाच चांगले दिसणार. दहा सामने झाले की मांडणी कळते. म्हणजे तो कोणाला कुठे खेळवतो, प्रेस (चेंडू परत मिळवायला टाकलेला दबाव) कुठून सुरू करतो, आघाडी मिळाल्यावर काय करतो. निकालांबद्दल ठामपणे बोलायचं असेल तर १९ सामने लागतात, कारण तेवढ्यात जवळपास प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी एकदा गाठ पडलेली असते.

सगळ्यात सरळ तुलना अशी: नव्या मॅनेजरने खेळलेले सामने घ्या आणि मागच्या हंगामात त्याच संघांविरुद्ध, त्याच मैदानांवर किती गुण मिळाले होते ते शेजारी लिहा. घरचा सामना घरच्या सामन्यासमोर, बाहेरचा बाहेरच्यासमोर. खाली गेलेल्या संघाच्या जागी वर आलेला संघ धरा. कागदावर वीस मिनिटांचं काम आहे, आणि निम्मे वाद तिथेच मिटतात.

पण अमोरिमचे निकाल वाईटच होते ना?

होते. तो आला तेव्हा ११ सामन्यांत १५ गुण होते. हंगाम संपला तेव्हा ३८ सामन्यांत ४२ गुण आणि १५ वा क्रमांक. म्हणजे त्याच्या वाट्याच्या २७ लीग सामन्यांत २७ गुण, सामन्यामागे बरोबर एक. वर २१ मे २०२५ ला बिल्बाओमध्ये टॉटनहॅमकडून युरोपा लीगची फायनल १-० ने गेली, आणि ऑगस्टमध्ये चौथ्या श्रेणीतल्या ग्रिम्सबीने लीग कपमधून पेनल्टीवर १२-११ असं बाहेर काढलं. याला कुणी नाकारत नाही. वाद कारणांचा आहे, आणि तो घालण्यासारखा आहे.

तीन सेंटर बॅकच्या (मधल्या बचावपटूंच्या) पद्धतीत नेमकं काय बिघडतं? सगळे नुसतं "फॉर्मेशन" म्हणतात.

हे तोंडी सांगून पटत नाही. कॅरम बोर्ड काढा.

९ पांढऱ्या सोंगट्या आणि राणी हे अमोरिमचे १० जण. तुमच्या बाजूला ३ पांढऱ्या ओळीत ठेवा, त्यांच्या पुढे ४, त्यांच्या पुढे २ आणि सगळ्यात पुढे एकटी राणी. झाली ३-४-२-१. चारच्या ओळीतल्या कडेच्या दोन सोंगट्या पार फळीला लागून ठेवा, ते विंगबॅक, म्हणजे कडेने बचाव आणि हल्ला दोन्ही करणारे. समोरून ९ काळ्या आणि स्ट्रायकर: ४ मागे, ३ मध्ये, ३ पुढे, त्यातला मधला स्ट्रायकर. गोलकीपर सोडून द्या.

आता मधोमध बघा. तुमचे २, त्यांचे ३. चेंडू त्यांच्या मिडफिल्डमध्ये आला की एक काळी सोंगटी मोकळीच राहते. तिला अडवायला तीन जणांपैकी कुणीतरी जायला हवं. पुढच्या दोघांपैकी एक मागे आला तर चेंडू मिळाल्यावर राणी एकटी पडते. सेंटर बॅक पुढे आला तर त्याने सोडलेल्या जागेत स्ट्रायकर घुसतो. विंगबॅक आत आला तर त्याच्या पाठीमागची सगळी कड त्यांच्या विंगरला मिळते. तिन्ही उत्तरं चालतात, पण कोण जाणार हे ११ जणांना एकाच क्षणी कळायला हवं. अर्धा सेकंद उशीर झाला तरी पास गेलेला असतो.

आता चेंडू तुमच्याकडे आहे असं धरा. दोन्ही विंगबॅक वर सरकवा. पुढे ५ झाले, मागे ३ आणि मध्ये २. हल्ल्यासाठी छान, पण चेंडू गेला की विंगबॅकच्या मागे दोन मोठ्या मोकळ्या पट्ट्या उरतात आणि त्या भरायला मधल्या दोघांनाच धावावं लागतं. ३० डिसेंबर २०२४ ला न्यूकॅसलविरुद्ध युनायटेडचे उगार्ते आणि ब्रुनो फर्नांडिस निलंबित होते, म्हणून मध्ये कासेमिरो आणि एरिक्सन खेळले. दोघंही ३२ वर्षांचे. चौथ्या मिनिटाला न्यूकॅसलच्या इसाकचा गोल, एकोणिसाव्या मिनिटाला जोएलिंटनचा. ३३ व्या मिनिटाला अमोरिमने पुढचा झिर्कझी काढून मिडफिल्डमध्ये मेनूला आणलं. कॅरमवर एक पांढरी सोंगटी पुढून उचलून मध्ये ठेवा, म्हणजे त्या बदलाचा अर्थ डोळ्यांना दिसेल. सामना २-० नेच गेला.

मग ही पद्धतच चुकीची का?

पद्धतीत खोट नाही. याच अमोरिमने लिस्बनच्या स्पोर्टिंगला २०२०-२१ मध्ये १९ वर्षांनी पोर्तुगीज लीग जिंकून दिली, २०२३-२४ मध्ये पुन्हा दिली, आणि युनायटेडला येण्याच्या आठवडाभर आधी मँचेस्टर सिटीला ४-१ ने हरवलं. चेल्सीत आंतोनियो कॉन्तेने सप्टेंबर २०१६ मध्ये आर्सेनलकडून ३-० ने हरल्यावर तीन सेंटर बॅक लावले, ओळीने १३ लीग सामने जिंकले आणि ९३ गुणांनी लीग नेली. त्याने व्हिक्टर मोझेसचा विंगबॅक केला आणि तो बसला, कारण मोझेसकडे दोन्ही टोकांना धावायचा दम होता.

युनायटेडकडे असे लोकच नव्हते. रॅशफोर्ड, गार्नाचो, अँटनी हे कडेचे फॉरवर्ड, चार जणांच्या बचावापुढे खेळायची सवय असलेले. डाव्या बाजूला शॉ आणि मलासिया दुखापतींतून सावरत होते, म्हणून उजव्या पायाचा दालो तिकडे खेळायचा. तो कडेने पळायच्या ऐवजी दर वेळी आत वळायचा आणि समोरचा बचाव आरामात गोळा व्हायचा. फेब्रुवारीच्या सुरुवातीला डोर्गू आला तेव्हा कुठे त्या जागेचा पहिला माणूस मिळाला.

खेळाडू मिळाले की पद्धत चालते, याचं आपल्याकडचं उदाहरण आहे का?

आहे, आणि ते इंग्लंडच्या उदाहरणांपेक्षा स्पष्ट आहे. इंडियन सुपर लीगमधली मुंबई सिटी एफसी २०१४ आणि २०१५ मध्ये नेरुळच्या डी वाय पाटील स्टेडियमवर घरचे सामने खेळायची. पहिल्या वर्षी पीटर रीड, दुसऱ्या वर्षी खेळाडू आणि मॅनेजर अशा दोन्ही भूमिकांत निकोलस अनेल्का. मोठी नावं, पण दोन्ही वेळा संघ पहिल्या चारांत नव्हता. २०२० मध्ये सर्जिओ लोबेरा आला. त्याच्यासोबत गोव्यात त्याच्याच हाताखाली खेळलेले जाहू, फॉल, बूमूस आणि मंदार राव देसाई आले. मिडफिल्डमधून चेंडू कसा काढायचा हे जाहूला आधीच माहीत होतं, शिकवायला लागलं नाही. त्या हंगामात साखळीत पहिलं आल्याबद्दलची लीग शील्डही आली आणि फायनलमध्ये एटीके मोहन बागानला २-१ ने हरवून ट्रॉफीही. अमोरिमला याच्या बरोबर उलटं मिळालं: नोव्हेंबरात नेमणूक, जानेवारीपर्यंत खरेदी बंद.

हंगामाच्या मध्ये आल्याने इतका फरक पडतो?

खूप पडतो. रविवारी लीगचा सामना आणि गुरुवारी युरोपा लीग असा आठवडा मोजून बघा. सोमवारी खेळून दमलेल्यांना विश्रांती, मंगळवारी खरा सराव, बुधवारी हलकं काम आणि प्रवास, गुरुवारी सामना, शुक्रवारी पुन्हा विश्रांती, शनिवारी हलकं. नवीन मांडणी शिकवायला आठवड्याला एक दिवस. उन्हाळ्यात आला असता तर पाच-सहा आठवडे सलग मिळाले असते. हंगाम संपल्यावर येण्याची आपली इच्छा होती हे अमोरिमने स्वतःच सांगितलं होतं, आणि ती क्लबने मानली असती तर बरं झालं असतं असं आम्हाला मनापासून वाटतं.

मग त्याची स्वतःची चूक काय? सगळं क्लबवर ढकलायचं का?

मुळीच नाही. डिसेंबर २०२४ चे सेट पीस (कॉर्नर, फ्री किक) काढून बघा. ४ तारखेला आर्सेनलकडून २-० ने हार, दोन्ही गोल कॉर्नरवरून. ७ तारखेला फॉरेस्टचा मिलेन्कोविच दुसऱ्याच मिनिटाला कॉर्नरवर हेडर. १९ तारखेला टॉटनहॅमच्या सॉनने कॉर्नर थेट जाळ्यात वळवला. २२ तारखेला बोर्नमथच्या हाउसनचा फ्री किकवर हेडर. २६ तारखेला वुल्व्ह्जच्या कुन्याचा कॉर्नर पुन्हा थेट आत. थेट कॉर्नरवरून गोल हा वर्षभरात क्वचित दिसणारा प्रकार, तो एका आठवड्यात दोनदा झाला, तोही दोन वेगवेगळ्या गोलकीपरांवर.

याला विंगबॅक लागत नाहीत, खरेदीही लागत नाही. गोलकीपरच्या समोर उभ्या राहणाऱ्या माणसाला कोण बाजूला करणार आणि जवळच्या खांबापाशी कोण उभा राहणार, एवढं ठरवायचं असतं. ते तेव्हा ठरलेलं दिसलं नाही. इथे मॅनेजर आणि त्याचे कोच जबाबदार आहेत, आणि युनायटेडच्या चाहत्यांनी हे मान्य करायला हवं.

डेव्हिड मॉइसचं काय चुकलं होतं? लिव्हरपूलवाले अजून ते उकरून काढतात.

मॉइसला २०१३ मध्ये युनायटेडमध्ये फर्ग्युसनच्या जागी विजेता संघ आणि सहा वर्षांचा करार मिळाला होता. आल्या आल्या त्याने फर्ग्युसनचे प्रशिक्षक काढून एव्हर्टनचे आणले, म्हणजे संघाला ओळखणारं फारसं कुणी सरावाच्या मैदानावर उरलं नाही. पुढचं सगळ्यांच्या लक्षात आहे ते फुलहॅमविरुद्ध. ९ फेब्रुवारी २०१४, ८१ क्रॉस (कडेवरून बॉक्समध्ये टाकलेले चेंडू), निकाल २-२. क्रॉस वाईट नसतो. पण बॉक्समध्ये सहा-सात उंच बचावपटू तयार उभे असताना चेंडू पुन्हा पुन्हा तिथेच टाकला तर त्यांना पुढे यावंच लागत नाही. लिव्हरपूल आणि सिटी दोघांनी मार्च २०१४ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर ३-० ने मारलं आणि २२ एप्रिलला तो गेला. लीगच्या ३४ सामन्यांत ५७ गुण. वेळ कमी मिळाला हे खरं, पण सप्टेंबरची अडचण एप्रिलमध्येही तीच होती.

"फर्ग्युसनलाही वेळ दिला होता." हे उत्तर चालतं का?

अर्धवट चालतं. सर ॲलेक्स फर्ग्युसन नोव्हेंबर १९८६ मध्ये आले तेव्हा संघ २२ पैकी २१ वा होता. पहिलाच सामना ऑक्सफर्डकडून २-० ने हरले, हंगाम ११ व्या क्रमांकावर संपला. पुढे दुसरा, पुन्हा ११ वा, मग १३ वा. पहिली ट्रॉफी १९९० चा एफए कप, पहिली लीग १९९३ मध्ये. हे सगळं खरं आहे. पण वेळ देऊनही ज्यांचं काहीच जमलं नाही त्यांची नावं कुणी लक्षात ठेवत नाही, म्हणून एकट्या फर्ग्युसनवरून नियम काढता येत नाही.

त्यापेक्षा आर्तेताचं उदाहरण कामाचं. डिसेंबर २०२० मध्ये आर्सेनल १४ सामन्यांत १४ गुणांवर, १५ वा. मग २६ डिसेंबरला चेल्सीविरुद्ध त्याने स्मिथ रो, साका आणि मार्टिनेली हे तिघे तरुण एकत्र उतरवले, ३-१ ने जिंकले. तिथून हंगाम ८ व्या क्रमांकावर संपला, पुढच्या वर्षी पाचवा, मग सलग तीन वर्षं दुसरा. त्याने वेळ मागितला आणि सोबत स्वतःही काहीतरी बदललं. धीर धरायचा की नाही हे ठरवताना तेच शोधा.

नवा मॅनेजर आला की पहिले दोन-तीन सामने जिंकतातच. ते खरं असतं का?

बहुतेकदा तो नुसता आकड्यांचा खेळ असतो. मॅनेजरला काढतात तेव्हा संघ त्याच्या सगळ्यात वाईट काळात असतो: शॉट खांबाला लागतायत, दोन-तीन जण दुखापतीत. हे कुणी नवीन आलं नाही तरी महिनाभरात थोडं सुधारतंच. उलटंही होतं. क्रिस्टल पॅलेसने २०१७ मध्ये फ्रँक डी बोअरला चार लीग सामन्यांनंतर काढलं, चारही हरलेले, एकही गोल नाही. त्याच्या जागी रॉय हॉजसन आला आणि पुढचे तीन सामनेही गोल न करता हरला. तरी पॅलेस शेवटी ११ व्या क्रमांकावर.

एक्सजी (एक्स्पेक्टेड गोल्स, अपेक्षित गोल) म्हणजे काय, आणि वादात वापरावी का?

एखाद्या जागेवरून, तशा स्थितीत मारलेला शॉट सरासरी किती वेळा गोल होतो तो आकडा. पेनल्टीचा साधारण ०.७८, बॉक्सबाहेरून मारलेल्या बऱ्याचशा शॉटचा ०.०५ च्या आत. एका सामन्याची एक्सजी घेऊन भांडू नका. दहा सामन्यांची बेरीज करा, पेनल्टी वगळा. संघ जितके गोल करायला हवे होते त्यापेक्षा बरेच कमी करतोय आणि स्वतः गोल फारसे खातही नाही असं दिसलं, तर फॉरवर्डचा फॉर्म गेलाय, मॅनेजरचं काम ठीक आहे. खाल्लेल्या गोलांची एक्सजीच दर महिन्याला वाढत असेल तर मात्र काळजी करा.

"हेड कोच" आणि "मॅनेजर" यात फरक काय?

हेड कोच संघ तयार करतो, कुणाला विकत घ्यायचं याचा शेवटचा शब्द स्पोर्टिंग डायरेक्टरचा असतो. अमोरिमचं पद हेड कोचचं होतं. लिव्हरपूलमध्ये अर्ने स्लॉटचंही तेच, आणि त्याने २०२४-२५ ची लीग जिंकली. म्हणजे पदात दोष नाही, दोघांचं एकमेकांशी जमायला हवं.

पैसे आहेत तर एका विंडोत (खेळाडू खरेदीच्या ठरलेल्या काळात) दहा जण का घेत नाहीत?

हिशोबाच्या नियमामुळे. २०२५-२६ च्या हंगामापर्यंतच्या नियमाप्रमाणे प्रीमियर लीगमध्ये तीन वर्षांत जास्तीत जास्त १०.५ कोटी पौंड तोटा चालायचा. खेळाडूची किंमत कराराच्या वर्षांत वाटून धरतात, तीही जास्तीत जास्त ५ वर्षांत. ५ कोटींचा खेळाडू म्हणजे दर वर्षी १ कोटी आणि वर पगार. अकादमीतून आलेला मुलगा विकला तर पूर्ण रक्कम नफ्यात, म्हणून क्लब आपलेच पोरगे विकायला निघतात.

मोठे सामने आपल्याकडे किती वाजता असतात? दर वर्षी गोंधळ होतो.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत इंग्लंडच्या वेळेत साडेपाच तास मिळवा, बाकी वर्षभर साडेचार. शनिवारचा दुपारी साडेबाराचा सामना हिवाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी ६ ला, तीनचा रात्री ८:३० ला, साडेपाचचा ११ ला. रविवारचा साडेचारचा रात्री १० ला. रात्री ८ चा सामना म्हणजे आपल्याकडे १:३०, आणि तो संपेपर्यंत साडेतीन वाजतात. त्या वेळी लोकल नसतात. घोडबंदर रोडवर सामना बघून वाशीला परतायचं असेल तर आधीच गाडी ठरवा, नाहीतर तिथेच झोपा आणि पहाटेची ट्रान्स-हार्बर पकडा.

सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये पडदा लावायचा असेल तर?

रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर चालत नाही. ११ च्या सामन्याला आवाज टीव्हीचाच, दारं-खिडक्या बंद, आणि कमिटीची परवानगी लेखी. गोल झाल्यावर ओरडणारच, म्हणून सगळ्यात वरच्या किंवा वस्तीपासून लांबच्या खोलीत बसा.

क्लब मॅनेजरला काढणार हे आधी ओळखता येतं का?

निकालांवरून फसायला होतं. जानेवारी २०२६ मध्ये लीड्सशी १-१ ने सुटल्यानंतर अमोरिम गेला तेव्हा संघ सहावा होता. ऑक्टोबरात ॲनफिल्डवर २-१ ने जिंकला होता, २०१६ नंतर पहिल्यांदा. पण लीड्सच्या सामन्यानंतर तो आपल्या अधिकारांबद्दल उघडपणे बोलला आणि दुसऱ्याच दिवशी निर्णय आला. पत्रकार परिषद बघा. खेळाडूंबद्दल तक्रार करणारा मॅनेजर टिकू शकतो, वरिष्ठांबद्दल जाहीर बोलणारा सहसा टिकत नाही.

सामना बघताना वहीत काय लिहायचं?

चार रकाने पुरतात: मिनिट, चेंडू कुठे गेला, त्या क्षणी कोण जागेवर नव्हता, आणि गोल किंवा धोका कशातून झाला (कॉर्नर, कडेची मोकळी जागा, मधला मोकळा माणूस, सरळ वैयक्तिक चूक). पहिली पंधरा मिनिटं चेंडूकडे बघू नका, आपल्या संघाचा विंगबॅक किंवा फुलबॅक कुठे उभा आहे ते बघा. टीव्हीवर तो चौकटीबाहेर जातो, गोल किकच्या वेळी मात्र दिसतो. ६० व्या मिनिटानंतर प्रत्येक बदली लिहा: पाच बदल्या तीन खेपांत करता येतात, मध्यांतर वेगळं. दहा सामने झाले की चौथा रकाना मोजा. वैयक्तिक चुका जास्त निघाल्या तर मॅनेजरला आणखी एक विंडो द्या. दहापैकी चार-पाच सामन्यांत एकच कारण येत असेल, तर समोरच्याचं म्हणणं ऐकून घ्या, मग तो लिव्हरपूलचा असला तरी.